राफ्टच्या आधी खड्डे मारून बघा

काळ्या मातीत घर बांधताना सल्ला मिळतो की पायाला सरसकट राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा स्लॅब टाका, खोदाई वाचते. दुमजली घरासाठी तरी मला पटत नाही. खोदाईत वाचलेले पैसे स्टील आणि काँक्रीट खाऊन टाकतं, शिवाय घर उभं राहणार त्याच फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीवर. आमच्याकडे मे महिन्यात त्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सोलापुरात काळ्याखाली मुरूम लागतोच, प्रश्न फक्त किती फुटांवर. पाच-सहा फुटांत लागला तर कॉलमचे सुटे फूटिंग (प्रत्येक कॉलमखाली वेगळा पाया) मुरमावर टेकवणं सगळ्यात स्वस्त.

पण हे 'किती फुटांवर' एका खड्ड्यावरून ठरवू नका. जुळे सोलापुरात आमच्या प्लॉटवर रस्त्याकडच्या कोपऱ्यात चार फुटांवर पिवळा मुरूम, मागच्या कोपऱ्यात नऊ फूट गेलो तरी काळीच. तिथे कधीकाळी ओघळ बुजवलेला असावा. मिस्त्री म्हणत होता, "साहेब, सगळीकडं सारखंच असतंय." जेसीबीच्या तासाभराच्या भाड्यात ते कळलं, नाहीतर अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्यावर उभं राहिलं असतं. मागच्या तीन कॉलमना अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब घेतले. खाली बल्बसारखा फुगवटा असलेला हा पाइल रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलाय. बल्बचा व्यास साधारण पाइलच्या सरळ दांड्याच्या अडीचपट असतो. एक गोष्ट मात्र गवंडी हमखास विसरतात: पाइलवरची बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली किमान 80 मिमी पोकळी ठेवायची. नाहीतर पावसाळ्यात माती फुगून बीमच वर उचलते.