मदत हवी आहे: कार्ल्याच्या चैत्यगृहाचा फोटो, एचडीआर आणि टोन मॅपिंग नेमके कुठे थांबवावे?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात काढलेल्या एका फोटोवर मी तीन महिने काम करतो आहे आणि तो पुरा झाला असे अजूनही म्हणवत नाही. एप्रिलमध्ये आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात तो २४ बाय ३६ इंचांत छापून लावायचा आहे. लेणी, देवळांचे गाभारे, जुने वाडे अशा अंधाऱ्या जागांत ज्यांनी काम केले आहे त्यांचा सल्ला मिळाला, तर फार बरे होईल.

फोटो कार्ल्याच्या चैत्यगृहाचा आहे. सकाळी अकराच्या सुमारास स्तूपाजवळ उभे राहून दाराकडे तोंड करून तो काढला. चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्यामुळे त्या वेळी ऊन थेट आत येत नाही, पण समोरच्या पिंपळपानाकृती गवाक्षातून मोकळे आकाश दिसते आणि त्याचा उजेड डोळ्यांवर येतो. अलीकडे दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर गजपृष्ठाकार छत, त्याला सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या लाकडी फासळ्या आणि खांबांमागे जवळजवळ काळोखात बुडालेला प्रदक्षिणामार्ग, असे दृश्य आहे.

तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती मी घेतलेली नव्हती, म्हणून कॅमेरा हातात धरूनच ब्रॅकेटिंग केले, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो लागोपाठ घेतले. आयएसओ ८०० आणि एफ ५.६ कायम ठेवून १/२००० सेकंदापासून १/८ सेकंदापर्यंत, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच एक्स्पोजर घेतले. पहिल्यात आकाशाचा निळा रंग शाबूत आहे आणि बाकी सगळे काळे आहे. शेवटच्यात गवाक्ष पांढरेफटक जळाले आहे, पण खांबांच्या शीर्षावरचे हत्ती आणि त्यांवर बसलेल्या जोड्या स्पष्ट दिसतात. म्हणजे माहिती सगळी हाती आली आहे. अडचण ती माहिती कागदावर बसवण्याची आहे, कारण प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो आणि छापील कागद जेमतेम सहा-सात स्टॉपचा फरक दाखवू शकतो. मधले सगळे कुठेतरी दाबावे लागणारच, आणि हे दाबणे म्हणजेच टोन मॅपिंग.

पहिल्या खेपेला मी पाचही फायली जोडून एचडीआर फाइल केली, म्हणजे उजेड-अंधाराचा सगळा पल्ला सामावणारी एकच फाइल. मग हायलाइट्स (उजळ भाग) पूर्ण खाली आणि शॅडोज (सावलीचे भाग) पूर्ण वर नेले, वर क्लॅरिटीही (बारकाव्यांचा उठाव) बरीच दिली. स्क्रीनवर ते पाहून मी हरखून गेलो होतो. नंतर ते माझ्या आत्याला दाखवले. ती दर चैत्रात एकवीरेच्या दर्शनाला जाते आणि शेजारच्या लेण्यात डोकावल्याशिवाय परत येत नाही. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “हे आपलं कार्ला नाही वाटत रे. तिथे आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू एकेक खांब पुढे येतो. इथे तर सगळं एकदमच दिसतंय. आत दिवे लावलेत का आता?”

त्या रात्री मी फोटोवर ठिकठिकाणी कर्सर ठेवून उजेडाचे आकडे पाहिले. गवाक्षातले आकाश ७१ टक्के होते आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबाचा, माझ्याकडे असलेला म्हणजे सावलीतला अंग ६८ टक्के. ज्या भोकातून सगळा उजेड येतो ते भोक आणि ज्याच्यावर तो पोचतच नाही तो दगड, हे जवळजवळ सारखे उजळ झाले होते. मला वाटते खरी चूक इथे आहे. उजेडातले अंतर कमी करणे मला मान्य आहे. डोळाही आत-बाहेर पाहताना स्वतःला जुळवून घेतच असतो. पण उजेडाची उतरंड मोडता कामा नये. आधी आकाश, मग जमिनीवर पडलेला उजेडाचा पट्टा, मग खांबांच्या उजेडाकडच्या कडा आणि सर्वांत शेवटी प्रदक्षिणामार्ग, हा क्रम कितीही दाबला तरी तसाच राहिला पाहिजे.

रंगांचेही तसेच झाले. लाल, हिरवा आणि निळा यांचे परस्पर प्रमाण तसेच ठेवून फक्त उजेड दाबला, तर रंग भडक वाटू लागतात. दगडाचा तपकिरी रंग माझ्या फोटोत विटेसारखा नारिंगी झाला होता. सॅच्युरेशन खाली आणल्यावर तो बराच सुधारला.

दुसऱ्या खेपेला मी वेगळी वाट धरली. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत एन्फ्यूज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्यात मधली एचडीआर फाइल तयारच होत नाही. प्रत्येक एक्स्पोजरमधला नीट उजळलेला भाग वजन देऊन एकत्र केला जातो. याने फोटो शांत झाला, फासळ्यांचे लाकूड पुन्हा लाकडासारखे दिसू लागले. मात्र एकूण चित्र थोडे मळकट आले आणि गवाक्षाच्या कमानीला आतून राखाडी प्रभामंडळ, म्हणजे कडेलगतचा धूसर पट्टा, उरलेच. पहिल्या खेपेच्या मानाने ते निम्म्याने अरुंद आहे, पण २४ बाय ३६ मध्ये ते लपणार नाही.

मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की प्रदक्षिणामार्ग काळाच ठेवायचा होता तर पाच एक्स्पोजर घेतलेच कशाला. मला हे पटत नाही. वेगवेगळी एक्स्पोजर जोडणे ही लबाडी नाही. गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून छपाई केली होती. पण हाती असलेले सगळे दाखवलेच पाहिजे असेही नाही. त्या काळोखामुळेच स्तूपाकडचा मधला भाग मोठा वाटतो, असे मला तिथे उभे असताना जाणवले होते.

आता नेमके विचारायचे ते असे. कमानीचे प्रभामंडळ घालवण्यासाठी आकाशापुरता १/५०० चा फोटो हाताने मास्क करून (बाकीचा भाग झाकून) बसवावा, की टोन मॅपिंगची त्रिज्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी आजूबाजूचा किती भाग विचारात घ्यायचा ते अंतर, वाढवून पाहावी? त्रिज्या वाढवली की मंडळ फिके होते पण पसरते, एवढे मी पाहिले आहे. दुसरे, खाली दाराजवळ दोन यात्रेकरू पाचही फोटोंत थोडे थोडे सरकले आहेत. डीघोस्टिंग (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी छटा काढणे) लावले की त्यांच्याभोवतीचा दगड एकाच एक्स्पोजरमधून घेतला जातो आणि तिथे खरखरीत नॉइज (दाणेदारपणा) येतो. त्यांना काढून टाकायची माझी इच्छा नाही, कारण खांबांची उंची त्यांच्यामुळेच कळते. आणि तिसरे, प्रदक्षिणामार्ग सध्या मी ६ ते ९ टक्क्यांवर ठेवला आहे. मॅट कागदावर तो सपाट काळा होईल का, आणि होणार असेल तर छपाईच्या फाइलमध्ये तो किती उचलावा?

पाचही मूळ रॉ फायली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) माझ्याकडे आहेत. कोणाला स्वतः करून पाहायचे असेल तर निरोप टाका, मी पाठवतो.