डीजेआयचा मिनी २ एसई ड्रोन विकून मिनी ४ प्रो?

घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आधी सांगा, संध्याकाळी किती उडवता? भर उन्हातले व्हिडिओ मोबाइलवरच बघणार असाल तर एसईची २.७के (व्हिडिओची स्पष्टता) पुरे. माझा एसई मात्र सूर्य बुडाला की मान टाकायचा. माडाच्या झावळ्या म्हणजे नुसता काळा चिखल. प्रकाश टिपणारा सेन्सर १/२.३ इंची, दुसरं काय होणार! ४ प्रोचा १/१.३ इंची, म्हणजे मोठा, फरक तिथेच दिसतो. शिवाय चहूबाजूंचे अडथळे ओळखतो. (माझे दोन पंखे आंब्याला अर्पण झालेत.) डीजेआयच्याच एअर ३ चा मोह टाळा: ७२० ग्रॅम, म्हणजे ‘नॅनो’ या सर्वांत हलक्या सरकारी वर्गाच्या २५० ग्रॅमच्या मर्यादेबाहेर; लग्नाचं शूटिंग घेतलंत की परवाना लागणार. आणि तयार ड्रोनची आयात २०२२ पासून बंद आहे, तेव्हा दुरुस्ती कोण करणार ते आधी विचारून ठेवा.