मदत हवी आहे: वजनाच्या इंजेक्शनमुळे आईची भूक गेलीय, चार घासांत प्रथिनं कशी बसवू?

नमस्कार मंडळी,

माझ्या आईसाठी विचारतेय. वय ६२, वजन ८४ किलो, बऱ्याच वर्षांचा डायबेटिस आणि दोन्ही गुडघे दुखरे. डॉक्टरांनी तिला मौंजारो (टिर्झेपेटाइड) सुरू केलंय, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, आता ५ वर आहे. शुगर छान उतरलीय, त्यामुळे ग्लिमेपिराइडची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. औषध घ्यावं की नाही हा प्रश्न नाही, तो निर्णय डॉक्टरांचा आणि आईचा झालेला आहे. कृपया त्यावर चर्चा नको. माझा प्रश्न ताटाचा आहे.

या औषधाने भूक तर कमी होतेच, शिवाय पोटही सावकाश रिकामं होतं. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत छातीशी बसल्यासारखं वाटतं, म्हणते. अर्धी ज्वारीची भाकरी आणि थोडं पिठलं झालं की शेवटचा घास बोटांत कुस्करत बसते आणि ताट सरकवते. 'घशाशी आलं गं आता.' तेलकट, मसालेदार काही खाल्लं की करपट ढेकर. इंजेक्शननंतरचे पहिले दोन दिवस तर हिंग-लसणाची फोडणी बसली की ती उठून गॅलरीत जाते.

डायटिशियनने दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सांगितलीत. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल आहे, म्हणून त्याला हरकत नाही. कारणही नीट समजावलं: वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेले स्नायू परत मिळवणं अवघड. मला हीच काळजी आहे. सोफ्यावरून उठताना ती हल्ली दोन्ही हात टेकते. खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम दिलाय, तो करते, पण पोटात काही गेलं तर ना!

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. गणित इथेच अडतं. आपल्या रोजच्या ताटात प्रथिनं पातळ आणि पसरलेली असतात. वाटीभर वरणात जेमतेम २५ ग्रॅम तूरडाळ, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिनं, बाकी पाणी. भरपूर जेवणाऱ्याचं त्यात भागतं, कारण वरण, भाकरी, दही, उसळ सगळं मिळून बेरीज होते. आईच्या पोटात जागाच दीड वाटीची. ती वरण-भाताने भरली की पुढचं सगळं परत जातं.

म्हणून आता ताट उलटं वाढते. आधी पनीर किंवा घट्ट उसळ, मग भाजी, भाकरी शेवटी जमली तर. पाणी आणि ताक जेवणाबरोबर देत नाही, दोन जेवणांच्या मध्ये घोट घोट देते. सकाळी मूगडाळीचं धिरडं निर्लेपवर थेंबभर तेलात करते. साधारण ४० ग्रॅम डाळीत ९-१० ग्रॅम प्रथिनं होतात आणि आकाराने ते लहान असतं. हे तिला चालतं. पनीर ५० ग्रॅम घरच्या घरी, गाईच्या दुधाचं, नुसतं मीठ-मिरपूड लावून गार. गार पदार्थांना वास कमी येतो, त्यामुळे इंजेक्शननंतरचे ते दोन दिवस निभावतात. दही रात्रभर टांगून चक्का करते आणि त्यात साखरेऐवजी काकडी, जिरेपूड घालते. तेवढ्याच वाटीत साध्या दह्यापेक्षा बरीच जास्त प्रथिनं पोटात जातात. हा पदार्थ तिला मनापासून आवडलाय.

सोया चंक्सनी मात्र हात टेकले. २५ ग्रॅममध्ये १३ ग्रॅम प्रथिनं, कागदावर यापेक्षा सोयीचं काही नाही, पण तिला तो रबरासारखा घास गिळवत नाही. मिक्सरमधून भरड काढून पिठल्यात किंवा थालीपीठाच्या भाजणीत घातली तर चव लपते का? कुणी केलंय का? प्रमाण काय धरता? व्हे पावडरही (दुधातल्या प्रथिनांची) आणली होती, व्हॅनिलाच्या गोड वासानेच तिला मळमळलं. बिनस्वादाची पावडर भाकरीच्या पिठात किंवा कढीत घालणारं कुणी आहे का? गरम कढीत ती फुटते की नीट मिसळते?

दुसरं, उपास. आई संकष्टी आणि एकादशी दोन्ही धरते आणि ते सोडायला मी तिला सांगणार नाही, तिच्या श्रद्धेचा भाग आहे. डॉक्टरांनी पूर्ण निरंकार नको एवढंच बजावलंय, कारण शुगरची अर्धी गोळी चालूच आहे. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, आणि खिचडीचं तूप-दाणे तिला आता जड जातात. राजगिऱ्यात बरी असतात, १०० ग्रॅममागे १३-१४. राजगिऱ्याच्या पिठाचं धिरडं, दूध, पनीर यापलीकडे उपासाला काय देता येईल? संकष्टीला तर चंद्रोदयानंतर, रात्री उशिरा जेवण, आणि लगेच आडवं झालं की जळजळ. संध्याकाळी थोडं फराळाचं आणि चंद्रदर्शनानंतर नुसता दोन घासांचा नैवेद्य, असं कुणाच्या घरी करतात का?

तिसरा त्रास बद्धकोष्ठतेचा. इसबगोल चालू आहे, पण ते घेतलं की पोट फुगून पुढचं जेवण बुडतं. इसबगोल रात्री घेणाऱ्यांना हा फरक जाणवतो का? पपई, भिजवलेले मनुके, शिजवलेला दुधी यांतलं थोडक्या प्रमाणात कशाचा उपयोग झाला?

ज्यांच्या घरी कुणी मौंजारो, वेगोवी किंवा ओझेम्पिक यांपैकी कुठलंही इंजेक्शन घेतंय, त्यांनी कृपया आपल्या एका खऱ्या दिवसाचं खाणं लिहावं, किती वाजता काय आणि किती, अगदी अर्धी वाटी असली तरी अर्धी वाटीच लिहा. नेटवरचे तक्ते चिकन, अंडी आणि ग्रीक योगर्टचे आहेत, ते आमच्या स्वयंपाकघरात चालत नाहीत. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी काय पोटात राहतं ते तर नक्की सांगा. आईचं इंजेक्शन रविवारी असतं, त्यामुळे सोमवारचा डबा मला आधीच करून ठेवून ऑफिसला जावं लागतं. म्हणजे फ्रिजमध्ये टिकणारं आणि तिला गारच खाता येईल असं काही सुचवलंत तर फार मदत होईल.