‘मुफासा’ कुठे अडला: चेहऱ्यांत की पटकथेत?

चित्रखूण:
डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘मुफासा: द लायन किंग’बद्दल, म्हणजे सिंबाच्या बापाच्या लहानपणापासूनच्या गोष्टीबद्दल, समीक्षकांत सरळ दोन तट पडले. माझ्या मते दोष फोटोरिअल शैलीचाच, म्हणजे प्राणी हुबेहूब खरे दाखवण्याचा. १९९४च्या हाताने रेखाटलेल्या ‘लायन किंग’मध्ये खलनायक स्कारची काळी अयाळ, हिरवे डोळे लांबूनही ओळखू यायचे आणि भुवई हवी तेवढी चढायची. खऱ्या सिंहाला अशी भुवई नसते, ओठांची कडाही फारशी वळत नाही. शरीररचनेशी इमान राखलं की चेहरा निर्जीव होतो, भाव फक्त आवाजात उरतो. गाण्यांत हे जास्त खुपतं. तेव्हा छोटा सिंबा गायला लागला की जंगलाची भडक नक्षी व्हायची, प्राण्यांचे मनोरे उभे राहायचे. इथे मुफासा आणि टाका (हाच पुढे स्कार होतो) भावाचं गाणं धावतपळत उरकतात, कारण खरे छावे तेवढंच करू शकतात.

अयाळ:
तुलना याच शैलीतल्या २०१९च्या ‘लायन किंग’शी करा. तिथले चेहरे जवळजवळ माहितीपटातले होते. यात अ‍ॅनिमेटरांनी डोळ्यांभोवतीची आणि जबड्याची हालचाल मुद्दाम वाढवली आहे. शिवाय दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स कॅमेरा चेहऱ्याला भिडवतो, पात्रांना थेट आपल्याकडे बघायला लावतो. पुराच्या प्रसंगात आपण पिल्लाबरोबर पाण्यात असतो.

खरी गडबड पटकथेत आहे. म्हातारं माकड राफिकी सिंबाच्या मुलीला, कियाराला गोष्ट सांगतोय आणि टिमॉन-पुंबा ही विनोदी जोडी मधे मधे तोंड घालतात. ताण चढायला लागला की विनोद, पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्याहून मोठं नुकसान टाकाचं झालं. त्याच्या आईवर हल्ला झाला तेव्हा तो पळाला, मुफासा लढला. ही लाज त्याला आतून पोखरणारी होती. पण ती मुरायच्या आत दोघांच्या मधे सिंहीण साराबी आली, मत्सर आला आणि लगेच शत्रू सिंह किरोसशी हातमिळवणी. ११८ मिनिटांत याला जागा नव्हती असं नाही, ती प्रवासातल्या चकमकींनी खाल्ली.

चित्रखूण:
टाकाची घाई मान्य. पण रेखाटलेल्या चित्रपटात असं वळण एका गाण्यात पेलतं. १९९४च्या स्कारच्या गाण्यात हिरवी वाफ, संचलन करणारे तरस आणि वर चढत जाणारा कडा होता; त्याचं मन रंगातच दिसायचं. इथे नैसर्गिक उजेड सोडायचा नाही, म्हणून सगळा भार संवादांवर. पटकथा अपुरी पडली ती शैलीमुळेच.

तिसरी रांग:
अमेरिकेतला पहिला आठवडा-अखेर जेमतेम ३.५ कोटी डॉलरचा, तरी जगभरची कमाई ७० कोटींच्या वर गेली. म्हणजे प्रेक्षक हळूहळू येत राहिले. (२०१९च्या चित्रपटाने १६० कोटी ओलांडले होते, हेही खरं.) गल्ल्यावरून दर्जा ठरत नाही, पण ‘निर्जीव’ हा शेरा फार सोपा आहे.

तुम्ही दोघांनीही नात्याची उलथापालथ सोडलीत. आधी मुफासा आणि स्कार सख्खे भाऊ वाटायचे. आता टाका जन्माने युवराज आणि मुफासा वाहत आलेला पोरका. म्हणजे स्कारच्या रागाला पहिल्यांदाच आधार मिळतो: राज्य त्याच्या रक्ताचं होतं. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेल्या प्रीक्वेलला, म्हणजे पूर्वकथेला, ‘काय’ नव्हे, ‘का’ यावरच उभं राहावं लागतं, आणि तो ‘का’ लेखकांच्या हातात होता. त्यांनी मात्र किरोसला खलनायक केलं आणि टाकाला त्याच्या सावलीत ढकललं.