आईच्या पेल्व्हिसला (ओटीपोटाच्या हाडांना) फ्रॅक्चर, ऑपरेशन नाही म्हणाले. झोपवूनच ठेवायचं का?

पंचवटीकर:
आई ७३ वर्षांची. मंगळवारी पहाटे मोरीत ओल्या फरशीवर पाय सटकला आणि डाव्या कुशीवर पडली. मला वाटलं, खुबा गेला. एक्स-रेत खुबा शाबूत निघाला, पण जांघेजवळचं प्युबिक रॅमसचं हाड चिरलंय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नको, वॉकर देऊन उठवा. पण नुसती कूस बदलली तरी ती कळवळते. मावशी म्हणते, दीड महिना हलवूच नका. काय करू?

द्राक्षबागवाला, निफाड:
दादा, डॉक्टरांचं ऐका. माझा ट्रॅक्टर बांधावरून उलटला तेव्हा माझाही पेल्व्हिस मोडला, पण आईंचं दुखणं वेगळं आहे. पेल्व्हिस म्हणजे हाडांचं कडं. माझं पुढून आणि मागून तुटून उघडलं होतं. अशात रक्तस्राव आतल्या आत होतो, बाहेर थेंब दिसत नाही. अँब्युलन्समधल्या पोराने चादरीची पट्टी करून खुब्यांवरून करकचून आवळली. वर कंबरेला नाही, खाली खुब्यांवर. त्याचे उपकार विसरणार नाही. लघवीच्या पिशवीत लाल पाणी होतं, मूत्राशयाला इजा झाली होती. आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावली, मग प्लेटा आणि स्क्रू. तीन महिने डावा पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. त्या वर्षीची गोडी छाटणी (फळासाठीची द्राक्षवेलींची छाटणी) भावाने उरकली.

आईंचं कडं पुढेच चिरलंय, मागून पक्कं असेल तर ते आपोआप जुळतं. मात्र पडून राहिल्या तर पोटरीत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली की जिवावर बेतते. या वयात पाठीला जखमा आणि न्यूमोनियाही फार लवकर होतात. मावशींना हे नक्की सांगा.

फिजिओ, इंदिरानगर:
दुखण्याची गोळी दिल्यावर पाऊण तासाने उठवा. सोसेल तेवढा भार देऊ द्या. संडासासाठी कमोडची खुर्ची आणा. माकडहाडाच्या वर, पाठीमागे दुखतंय का विचारा. तिथली चीर एक्स-रेत सहज सुटते, सीटीत दिसते. पोटरी सुजली, धाप लागली किंवा लघवी अडली तर रात्र काढू नका. आणि साध्या पडण्याने हाड मोडलंय, म्हणजे डेक्सा (हाडं किती ठिसूळ झालीत ते मोजणारी तपासणी) आणि व्हिटॅमिन डी तपासायलाच हवं.

पंचवटीकर:
आज गोळीनंतर पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं चालली. वॉकर इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मागे दुखतं म्हणाली. सीटीची वेळ उद्या अकराची घेतलीय.