मदत हवी आहे: टॉमकॅटवर चालतंय, वाइल्डफ्लायवर ४०४

भावांनो, जरा डोकं लावा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीसाठी जावा वेब ॲप केलंय, माझ्या मशीनवर टॉमकॅट ९ वर (जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर) मस्त चालतंय, पण त्यांच्या सर्व्हरवर वाइल्डफ्लाय २७ (तसलाच दुसरा ॲप सर्व्हर) आहे आणि तिथं तीच वॉर फाइल (अख्ख्या ॲपचं एक पॅकेज) टाकली की लॉगमध्ये डिप्लॉय झालं म्हणतंय आणि पेज उघडलं की सरळ ४०४ म्हणजे पेज सापडलं नाही, एकही सर्व्हलेट (वेब विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) सापडंना. वाइल्डफ्लाय २७ पासून पॅकेजच्या नावातलं जाव्हॅक्स जाऊन जकार्ता आलंय, म्हणजे सगळे इम्पोर्ट हातानं बदलायचे का काही टूल हाय? वॉरच्या लिब फोल्डरमध्ये जुना सर्व्हलेट एपीआयचा जारपण (लायब्ररीची फाइल) गेलाय, मेव्हन या बिल्ड टूलमध्ये स्कोप प्रोव्हायडेड (म्हणजे जार सर्व्हरच देणार, वॉरमध्ये नको) टाकायचा राहिला, ती चूक माझीच. आणि दोन मॉड्यूल हायत तर इअर (सगळे मॉड्यूल एकत्र बांधलेलं पॅकेज) करू का दोन वेगळ्या वॉर? सोमवारी डेमो हाय राव, दोन दिवस रंकाळ्याला चक्करसुद्धा नाही.