पीएचपीवाल्यांनी आता तरी दुसरी भाषा धरावी का?

हत्तीवाला:
‘अजून पीएचपीच?’ परवा मुलाखतीत समोरच्याने असं विचारलं, जणू मी टाइपरायटर काखेत मारून आलोय. १४ वर्षं वेबसाइट बनवायच्या याच प्रोग्रामिंग भाषेवर पोट भरतोय आणि सोडायचं कारण मला दिसत नाही. रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये स्वतःच्या होमपेजसाठी केलेली अवजारं लोकांपुढे ठेवली, त्यांतूनच पीएचपी झाली. आज वर्डप्रेस आणि विकिपीडिया त्याच भाषेवर चालतात. पण मला धरून ठेवलं ते तिच्या ऑनलाइन मॅन्युअलने. फंक्शनच्या (भाषेतल्या तयार आज्ञेच्या) पानाखाली कुणीतरी अनोळखी माणूस टीप लिहून ठेवतो, की बाबा इथे मी फसलो, तू फसू नकोस. मला कॉलेजने नाही, त्या टिपांनी शिकवलं.

अर्धविराम:
त्याच टिपांनी अख्ख्या पिढीला वाकडं वळण लावलं, ते कोण सांगणार? फॉर्ममधून आलेलं नाव उचलायचं, तसंच डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, चिकटवायचं, झालं काम. एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे नावाच्या जागी कुणी डेटाबेसला स्वतःचा हुकूम घुसवायला, दार सताड उघडं. डेटाबेसशी जोडणारं ते जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन पीएचपी ५.५ मध्ये डेप्रिकेट झालं, म्हणजे वापरू नका असं ठरलं (२०१३) आणि ७.० ने काढूनच टाकलं (२०१५), तरी कॉपी-पेस्टवाले थांबले नाहीत. शिवाय यादीत शोधणाऱ्या इन-अ‍ॅरेमध्ये आधी सुई (जे शोधायचं ते) मग गवताची गंजी (ज्यात शोधायचं ते), मजकुरात शोधणाऱ्या स्ट्रपॉसमध्ये आधी गंजी मग सुई! मी ८ वर्षांनी सोडली, गो ही दुसरी भाषा धरली. झोप बरी लागते.

रात्रपाळी:
सुई-गंजीला कारण आहे हो. स्ट्रिंगची (मजकुराची) फंक्शन्स जुन्या सी भाषेच्या वळणावर गेली, तिथे गंजी आधी. अ‍ॅरेवाल्यांत सुई आधी. म्हणजे नियम आहे, फक्त दोन आहेत. (मीही दर वेळी मॅन्युअल उघडतो, ते सोडा.)
भाषेचं राहू दे, गळ्यात पडतो तो जुना कोड. पीएचपी ८.० च्या आधी शून्य आणि ‘abc’सारखी अक्षरं दोन बरोबर-चिन्हांनी ताडली तर उत्तर ‘खरं’ यायचं, आता ‘खोटं’ येतं. सुधारणा योग्यच. पण आमच्या एका रिपोर्टचा हिशेब नेमका त्या चुकीवर उभा होता. अपग्रेड केलं आणि रात्री २ वाजता क्लायंटचा फोन. तेव्हा हत्तीवाले, १४ वर्षांत स्वतःचं नवीन किती लिहिलंत आणि दुसऱ्याचं किती निस्तरलंत?

हत्तीवाला:
निस्तरलंच जास्त. त्यात कमीपणा कसला? चालू दुकान बंद न करता भिंत बदलायची, हे नवं बांधण्यापेक्षा अवघड असतं.

नवखी:
मी २ वर्षांपूर्वी थेट लारावेलपासून, म्हणजे पीएचपीच्या एका तयार सांगाड्यापासून, सुरुवात केली. इतरांचा कोड आणून देणारा कंपोझर, कुठे कसली माहिती येणार ते बांधणारे टाइप्स, ८.१ चे इनम (ठरावीक पर्यायांची यादी), सगळं आयतं मिळालं. तुम्ही ज्या भाषेवरून भांडताय ती मी पाहिलेलीच नाही. धास्ती वेगळीच आहे. २०२१ मध्ये पीएचपीच्या गाभ्यावर काम करणारा निकिता पोपोव्ह एलएलव्हीएम या कम्पायलर प्रकल्पाकडे गेला, तेव्हा गाभ्याचं काम किती थोड्या खांद्यांवर आहे ते सगळ्यांना कळलं.

अर्धविराम:
बघा! आणि म्हणे कम्युनिटी.

हत्तीवाला:
म्हणून तर त्याच नोव्हेंबरात पीएचपी फाउंडेशनची घोषणा झाली. वर्गणी जमते, त्यातून गाभ्यावर काम करणाऱ्यांना पैसे मिळतात.

अर्धविराम:
तुम्ही किती दिलेत?

हत्तीवाला:
एक पैसा नाही. आणि खरं सांगू, मॅन्युअलमध्ये टीपही एकदासुद्धा लिहिलेली नाही.